आईच्या पायाच्या वेगानं श्रीलंका

आमच्या आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. तेंदूपान कापून, दोरा गुंडाळून तिच्या बोटांच्या रेषा पार झिजून गेल्यात. हे सांगायचं कारण म्हणजे श्रीलंकेतल्या बौद्ध स्थळांच्या वारीत आम्हाला पहिली अडचण आली ती विमानाची नाही, पैशाची नाही, आईच्या बोटांची. पासपोर्टच्या खिडकीवर ठसे उमटेनात. चार वेळा पुसून दाबले, पाचव्यांदा कसेबसे आले. तेव्हा घरात कुणी विडी कामगार, गवंडी, धुणीभांडी करणारी बाई असेल तर ठसे द्यायच्या आधी आठ-दहा दिवस रोज रात्री बोटांना खोबरेल चोळा आणि त्या दिवशी सकाळी हात साबणानं स्वच्छ धुऊन जा. आणि आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि बाकीचे कागद जुळतात का ते आधी बघा. आईच्या एका कागदावर माहेरचं नाव होतं. ते नीट करण्यात दीड महिना गेला.

पासपोर्टसाठी पुण्याला पळायची गरज नाही, सोलापुरात पोस्टातच सेवा केंद्र आहे. पोरांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच निघतो, म्हणून तो फार आधी काढून ठेवू नका. प्रवासाच्या तारखेला सगळ्यांच्या पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक पाहिजे.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, त्यामुळं या प्रवासाचीही वही केली होती. आम्ही पाच जण: आई एकाहत्तर वर्षांची, बायको, आठवीतली मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि मी. सुरुवातीला एका एजंटनं पाच दिवसांत सात गावं दाखवतो म्हणून कागद हातात दिला. त्यात बोधिवृक्ष आहे त्या अनुराधपुराला अडीच तास होते. आईनं विचारलं, "अन् वंदना कवा करायची रं?" मी तो कागद घडी करून वहीत ठेवला आणि स्वतःच आखणी केली.

आखणीचा नियम एकच: दिवसाला दोन ठिकाणं, एक सकाळी दहाच्या आत, एक चारनंतर. मधल्या वेळात खोली, जेवण, झोप. सात दिवस, सहा रात्री. अनुराधपुरात तीन, दम्बुल्लात एक, कॅंडीत दोन. कोलंबो शहर आम्ही सोडूनच दिलं. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला कटुनायकेला आहे, तिथून परस्पर अनुराधपुराकडे निघालं की गाडीला चार-पाच तास लागतात. रेल्वे आहे, छान आहे, पण म्हातारं माणूस आणि लहान पोर असेल तर ड्रायव्हरसकट व्हॅन घ्या. पैसे जातात. वहीत विमानाच्या तिकिटांनंतर सगळ्यात मोठा आकडा व्हॅनचाच आहे, पण तो मला खुपला नाही.

सोलापूरहून जायला दोन वाटा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबई, तिथून कोलंबोचं थेट विमान अडीच तासांच्या आसपास. नाहीतर मुंबई-चेन्नई लाईन आपल्या गावावरूनच जाते, चेन्नईहून विमान तासा-दीड तासाचं. रेल्वे लांबली तरी चालेल असं विमान निवडा. आमचं संध्याकाळचं होतं. व्हिसासाठी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाईन परवानगी लागते. तिचे नियम आणि फी गेल्या काही वर्षांत बऱ्याचदा बदलले आहेत, म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा. तशीच दिसणारी, वर जादा पैसे घेणारी संकेतस्थळं बरीच आहेत. घड्याळाला मात्र हात लावायचा नाही, वेळ आपलीच.

आता कपडे. पांढरे. आपण बुद्ध पौर्णिमेला घालतो तेच. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, चपला आणि टोपी बाहेर. बुद्धाचं चित्र असलेला टी-शर्ट घरीच ठेवा. आपल्याकडं तो आदरानं घालतात, तिथं तो अपमान समजतात. टॅटूचंही तसंच. 2014 साली दंडावर बुद्धाचा टॅटू असलेल्या एका ब्रिटिश पर्यटक बाईला विमानतळावर अडवून परत पाठवलं होतं. आपल्याकडच्या कितीतरी पोरांच्या हातावर असा टॅटू असतो, माझ्या भाच्याच्याही आहे. असेल तर पूर्ण बाहीचा सदरा घाला आणि बाही वर सारू नका. मूर्तीकडं पाठ करून फोटोही काढायचा नाही. पोरीला हे तीनदा सांगावं लागलं.

आणि पायमोजे. पांढरे, जाड, प्रत्येकी दोन जोड. हे मी चूक करून शिकलो. सोलापूरच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसाला उन्हाचं काय, अशा तोऱ्यात मी दुसऱ्या दिवशी साडेअकराला सगळ्यांना रुवनवेलीसाय स्तूपाच्या फरसबंदीवर अनवाणी नेलं. दुट्टगामणी राजानं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात उभारलेला हा पांढराशुभ्र स्तूप, भोवती दगडी हत्तींची भिंत. बघायचं राहिलं बाजूला, पोरगं तव्यावर ठेवल्यासारखं नाचायला लागलं. त्याला खांद्यावर घेऊन मी सावलीकडं पळालो. आई मात्र शांतपणे चालत होती, पायात कालचेच मोजे. तिथले लोक मोजे घालून फिरतात हे तिनं आदल्या संध्याकाळीच हेरलं होतं. मला सांगितलं नाही, कारण मी विचारलं नव्हतं.

अनुराधपुराला वेळ द्या. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधगयेहून बोधिवृक्षाची फांदी घेऊन इथं आली. ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात लावली आणि तेव्हापासून तिची निगा राखणं थांबलेलं नाही. लावल्याची नोंद असलेलं जगातलं सगळ्यात जुनं झाड म्हणून हा वृक्ष ओळखला जातो. बोधगयेतला आजचा वृक्ष एकोणिसाव्या शतकात पुन्हा लावलेला आहे, हे आईला तिथंच कळलं. झाडाला हात लावता येत नाही. ते उंच ओट्यावर आहे, भोवती सोनेरी कठडा, वाकलेल्या फांद्यांना सोनेरी टेकू. खालच्या ओट्यावर फुलं ठेवून वाळूत बसायचं.

फुलं बाहेरच मिळतात: कमळं, निळी मानेल, चाफा. फुलाचा वास घ्यायचा नाही, ते बुद्धाला दिलेलं असतं. आईनं चाफ्याची ओंजळ घेतली आणि पांढऱ्या साड्यांतल्या बायकांच्या रांगेत जाऊन बसली. शेजारच्या आजीनं तिच्याकडं पाहिलं, स्वतःच्या हातातली दोन निळी फुलं आईच्या ओंजळीत ठेवली. आईनं डोळे मिटले आणि आमच्या विहारातल्या चालीवर सुरू केलं, "वण्ण गन्ध गुणोपेतं एतं कुसुमसन्ततिं..." त्या आजी थबकल्या. मग पुढची ओळ त्यांनी धरली, "पूजयामि मुनिन्दस्स सिरीपाद सरोरुहे." चाल वेगळी, शब्द तेच. आईची चाल लांबट, त्यांची जलद. दोघी एकमेकींसाठी थांबत, पुढं जात शेवटापर्यंत गेल्या. "साधु, साधु, साधु" मात्र एकदम आलं. एकीला मराठी येतं, दुसरीला सिंहली. त्यानंतर अर्धा तास त्या हात धरून बसल्या होत्या, काय बोलल्या विचारू नका.

म्हणून जायच्या आधी महिनाभर घरात रोज वंदना म्हणा, पोरांकडून त्रिसरण-पंचशील आणि फुलांची गाथा पाठ करून घ्या. तिथं पंचशिलाला पन्सिल म्हणतात, विहाराला पन्सल, नमस्काराला आयुबोवन. एवढ्यावर भागतं. आमचा ड्रायव्हर आईला पहिल्या मिनिटापासून अम्मा म्हणायला लागला. आईला त्याचं नवल वाटलं नाही. विडी कारखान्यातल्या तेलुगू मैत्रिणींमुळं अम्मा तिच्या कानाला रोजचंच.

तिकिटांबाबत एक लक्षात ठेवा: अनुराधपुरासारख्या प्राचीन स्थळांना भारतासारख्या सार्क देशांच्या नागरिकांना परदेशी दराच्या निम्मं तिकीट पडतं. मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. मी पासपोर्ट हॉटेलात ठेवून आलो होतो, रिक्षानं परत जाऊन आणले.

मिहिंतलेला जरूर जा, अशोकाचा मुलगा महेंद्र थेर आणि इथला देवानांपिय तिस्स राजाची भेट झाली ती टेकडी. पायऱ्या अठराशेच्या वर आहेत, पण गाडी वरच्या वाहनतळापर्यंत जाते आणि निम्म्याहून जास्त चढ वाचतो. ड्रायव्हरला आधीच सांगा. दम्बुल्लाच्या पाच गुहा सकाळी लवकर. छतभर रंगवलेली चित्रं आहेत, माना दुखेपर्यंत बघा. माकडांपासून पिशवी सांभाळा.

कॅंडीत दलदा मालिगावा, म्हणजे बुद्धाच्या दाताचं, दंतधातूचं मंदिर. पूजा दिवसातून तीनदा: पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ, संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला. दंतधातू दिसत नाही, तो ज्या सोन्याच्या करंडकात आहे तो दिसतो, तेही रांगेतून सरकताना काही क्षण. पोरांना हे आधी सांगा, नाहीतर "दात कुठंय?" असं मोठ्यानं विचारतात. संध्याकाळी ढोलांचा आवाज अंगावर येतो, पण गर्दीत आईची घुसमट होईल म्हणून आम्ही तिला सकाळच्या पूजेला नेलं. 1998 साली इथं बॉम्बस्फोट झाला होता, त्यामुळं झडती कडक असते, वेळ हातात ठेवा. 1950 साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब इथं कॅंडीला आले होते, हे मी आईला तळ्याकाठी बसून सांगितलं. ती म्हणाली, "मग मला आधी का न्हाई सांगितलं? पुन्यांदा आत चल." पुन्हा गेलो.

जेवणाचं सांभाळा. भात आणि चार-पाच भाज्या सगळीकडं मिळतात, पण डाळीत, खोबऱ्याच्या संबोलात, म्हणजे चटणीत सुद्धा सुक्या माशाचा चुरा असू शकतो. आई माळकऱ्यांइतकी कडक शाकाहारी. दरवेळी विचारावं लागलं. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली होती, चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सार्वजनिक सुट्टी असते. दारू-मटणाची दुकानं बंद, विहारं तुडुंब. वेसाकच्या, म्हणजे बुद्ध पौर्णिमेच्या दिवसांत कंदील आणि रस्त्यावरचं फुकट जेवण बघण्यासारखं असतं, पण खोल्या फार आधी धरा. वयस्कर माणूस बरोबर असेल तर पुढच्या आठवड्यात जा.

केलनियाचं विहार शेवटच्या दिवशी ठेवा. कोलंबोला लागूनच आहे, तिथून विमानतळ जवळ. भन्तेंना, म्हणजे भिक्खूंना भोजनदान द्यायचं असेल तर बाराच्या आत, दुपारनंतर ते जेवत नाहीत. वस्तू दोन्ही हातांनी द्या, बायकांनी त्यांना स्पर्श करू नये. मी कारखान्यातले सहा साधे टॉवेल नेले होते. भन्तेंनी एक उलगडला, किनार बोटांत धरून बघितली आणि कुठं विणला विचारलं. मी सोलापूर म्हणालो. त्यांना नाव ऐकून माहीत नव्हतं. आईनं हातानं माग चालवल्याची खूण केली, तेव्हा हसले.

विमानतळावर ड्रायव्हरला निरोप देताना उरलेली चटणी त्याला दिली. दोन दिवसांपूर्वीच तो ती भातावर घालून खात होता आणि आईला खुणेनं विचारत होता, अजून आहे का.