रामटेकला धावत जायचं तर पिशवीत काय काय

नागपूरच्या झिरो माइलच्या घोड्यांपासून रामटेक पन्नासेक किलोमीटर. कामठी, कन्हान, मनसर, आणि मनसरला उजवीकडे वळलं की थोड्या वेळात गड दिसायला लागतो. एकट्यानं निघणार असाल तर पिशवी उघडण्याआधी एक कागद घ्या आणि आपण कधी थांबणार ते त्यावर लिहा. माझ्या कागदावर तीनच ओळी असतात: लघवी काळ्या चहासारखी झाली, डोकं दुखून मळमळायला लागलं, किंवा लंगडायला लागलो, तर पुढची एसटी धरायची. हा कागद आदल्या रात्रीच लिहायचा, कारण पस्तिसाव्या किलोमीटरला आपलं डोकं आपल्याच विरुद्ध वकिली करतं. त्याची एक प्रत घरी फ्रिजवर, सोबत कामठी, कन्हान, मनसरला साधारण किती वाजता पोचणार ते.

महिना डिसेंबर किंवा जानेवारी. उन्हाळ्यात हा विचारच नको, 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश नोंदले गेले होते. पहाटे साडेचारला निघालात तर उजाडेपर्यंत दोन तास अंधार. म्हणून डोक्याला बांधायचा टॉर्च आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. उजव्या कडेनं धावायचं, म्हणजे समोरून येणारा ट्रक दिसतो. इअरफोन घरीच. रस्त्यावरची कुत्री मागे लागली की पळायचं नाही, उभं राहायचं आणि मग हळू चालत निघायचं. धावणाऱ्याला हे जमत नाही, म्हणून आधीच ठरवून ठेवा.

पायांची नखं तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको, कोपरा खोल गेला तर बोट दिवसभर ठणकतं. बूट जुनेच, ओळखीचे, आणि अर्धा नंबर मोठे, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात. मोज्यांचा एक सुका जोड प्लास्टिकच्या पिशवीत. व्हॅसलीन मांड्यांच्या मध्ये, बोटांच्या बेचक्यात आणि काखेत. मागच्या वेळी काखेला काय होतंय म्हणून सोडून दिलं. रामटेकला पोचून अंगावर पहिला तांब्या ओतला आणि असा ओरडलो, की शेजारच्या खोलीतल्या काकूंनी दार वाजवलं. पुरुषांनी छातीवर दोन चिकटपट्ट्याही लावाव्यात. हसू येतं, पण रक्ताचे डाग पडलेला बनियन धुताना येत नाही.

पाण्यासाठी अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या पुरतात, कारण वाटेत गावं आहेत. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, अंदाजे चिमूटभर टाकून उपयोग नाही. टपरीवरची लिटरची बाटली घ्या, त्यातच अख्खं पाकीट कालवा आणि मग दोन्हीत भरा. अशी चार पाकिटं. तहान लागेल तेवढंच प्या. घाम गाळत नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि तेही तितकंच वाईट.

खायला शेंगदाण्याची चिक्की, खजूर, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. संत्री वाटेत मिळतील, पण सोलल्यावर हात चिकट होतात, तेव्हा एक ओला रुमाल ठेवा. तर्री पोहे कितीही खुणावले तरी कामठीत थांबू नका. ती तर्री कन्हानच्या पुढे परत भेटते, आणि तिथे आडोसा शोधावा लागतो.

फोन, पॉवर बँक, आधार कार्ड, दहा-वीसच्या नोटा. नोटा घ्याच, घामेजलेल्या बोटांना फोन ओळखत नाही.

एका गोष्टीसाठी पिशवीत काही ठेवता येत नाही. मनसरच्या अलीकडे कुणीतरी मोटारसायकल हळू करतो. "काऊन भाऊ, गाडी नाही भेटली का? बसा, सोडून देतो रामटेकले." तोपर्यंत पाय दगड झालेले असतात, आणि माणूस मनापासून बोलत असतो. उत्तर घरून पाठ करून न्या. मी म्हणतो, "नवस आहे." लगेच सोडतात, वरून हातही जोडतात.

शेवटचं, रबरी चपला. पोचल्यावर बूट निघाले की पुन्हा चढत नाहीत. आणि गडावर जाणार असाल तर उरलेली चिक्की पिशवीच्या तळाशी दाबून चेन लावा. तिथली वानरं दमलेला माणूस लांबूनच ओळखतात.