नव्या कॉम्पॅक्ट पिस्तुलाचा ट्रिगर: पार्ट बदलायच्या आधी जरा रुळू द्या

नवं कॉम्पॅक्ट पिस्तूल हातात आलं की पहिल्या दिवशी तक्रार ठरलेली, ट्रिगर जड आहे, दाबताना खरखरतो, आणि लगेच हलकी स्प्रिंग नि दुसरा कनेक्टर (ट्रिगर यंत्रणेतला एक छोटा तुकडा) शोधायला सुरुवात. मीपण तेच केलं होतं, पार्ट मागवले, ते यायला उशीर झाला म्हणून तोवर नुसता ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबत बसलो आणि पार्ट आले तेव्हा खरखर जवळपास गेलेली. ते पाकीट अजून ड्रॉवरमध्ये न फोडता पडलंय.

झालं काय होतं, तर स्ट्रायकरवाल्या पिस्तुलात (हॅमरऐवजी आतली स्प्रिंगवाली पिन, म्हणजे स्ट्रायकर, ठोका देते अशा) ट्रिगर बार, म्हणजे ट्रिगरला मागच्या भागांशी जोडणारी पट्टी, बहुतेक वेळा पत्र्यातून ठोकून काढलेला असतो, त्याच्या कडांना बारीक बर (कापल्यावर उरलेली खरबरीत धार) राहते, आणि तो कनेक्टरवर, फायरिंग पिन सेफ्टीच्या प्लंजरवर (ट्रिगर दाबेपर्यंत पिन अडवून ठेवणाऱ्या खुंटीवर) घासतो तेव्हा बोटाला ती खरखर लागते. वापराने हे भाग एकमेकांना घासून गुळगुळीत होतात. पण एक लक्षात घ्या, जाते ती खरखर, वजन (म्हणजे दाबायला लागणारा जोर) फारसं उतरत नाही, कारण वजन ठरतं स्प्रिंगांवर आणि भागांच्या कोनांवर. म्हणून आधी खरखर जाऊ द्यायची आणि मग जे उरेल त्याचंच काय करायचं ते बघायचं.

सुरुवात सेफ्टीने, इथे आळस नको. मॅगझिन काढा, स्लाइड मागे लॉक करा, चेंबर डोळ्याने बघा आणि बोट घालूनपण बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि नळी अशा भिंतीकडे जिच्यातून गोळी पलीकडे जाणार नाही. मध्ये फोन आला, उठलात, परत बसलात की चेंबर परत बघायचं, मघाशी बघितलं होतं हे चालत नाही.

मग मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढंच खोलून साफ करा. फॅक्टरीतून येताना गंज लागू नये म्हणून लावलेलं तेल पुसून टाका, पण ग्लॉकमध्ये स्लाइडखाली तांब्याच्या रंगाचं ग्रीस दिसतं ते घाण समजून काढू नका, ते मुद्दाम लावलेलं असतं. ट्रिगर बार आणि कनेक्टर जिथे टेकतात तिथे तेलाचा एक थेंब, बास. स्ट्रायकरच्या बोळात तेल अजिबात नको, तिथे कचरा चिकटून बसतो आणि ठोका कमजोर पडतो.

आता सुरुवातीचं माप घ्या. ट्रिगर गेज (ट्रिगर ओढायला लागणारा जोर मोजणारा हुकवाला काटा) असेल तर उत्तम, दहा वेळा ओढून सरासरी वहीत लिहा, आणि हुक दरवेळी ट्रिगरवर त्याच जागी लावा, टोकाकडे लावलं की आकडा कमी येतो आणि आपण उगाच खूश होतो. अंदाजासाठी सांगतो, ग्लॉक 19 चा फॅक्टरी ट्रिगर साधारण अडीच किलोच्या आसपास असतो.

मग ड्राय फायर. रोज 50 ते 100 वेळा, दोनेक आठवडे. मॅन्युअलमध्ये चालतं असं लिहिलंय ना ते आधी बघा, सेंटरफायरला (पिन काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आपटते ते) बहुतेक चालतं, .22 रिमफायरला (पिन काडतुसाच्या कडेवर आपटते ते) स्नॅप कॅपशिवाय, म्हणजे सरावाच्या नकली काडतुसाशिवाय, करू नका, पिन चेंबरच्या कडेवर आपटते. काही मॉडेल मॅगझिनशिवाय ट्रिगर सोडतच नाहीत, त्यात रिकामं मॅगझिन लावा, पण ते खरंच रिकामं आहे ना हे बघून. घाईघाईत टकटक दाबू नका, आधी मोकळा प्रवास येतो, मग बोट एका भिंतीला टेकल्यासारखं अडतं, तिथे क्षणभर थांबा, मग हळू दाब वाढवत न्या. दरवेळी स्लाइड पूर्ण ओढायची गरज नाही, बऱ्याच पिस्तुलांत थोडीशी मागे घेतली की ट्रिगर रिसेट होतो. खरं सांगायचं तर यात ट्रिगरइतकंच आपलं बोटपण रुळतं, पण फायदा तोच की.

लवकर व्हावं म्हणून आत पॉलिश नाहीतर टूथपेस्ट घालून दाबत बसणारे महाभाग असतात, तसलं काही करू नका, ती पूड प्लंजरच्या भोकात जाऊन बसते.

यानंतर रेंजवर 200-300 राउंड, चांगल्या फॅक्टरी काडतुसांचे, कुठे अडकलं ते लिहून ठेवा. घरी येऊन साफ करताना ट्रिगर बार उजेडात धरून बघा, घासल्याची चकचकीत रेघ दिसली तर ठीक, नख अडेल असा चरा किंवा उचकटलेला धातू दिसला तर गनस्मिथकडे न्या.

आता परत मोजा. अजूनही जड वाटतोय? मग खुशाल बदला, पण तुमच्याकडचा कायदा, परवान्याच्या अटी आणि वॉरंटी बघून, आणि एका वेळी एकच भाग. स्ट्रायकर स्प्रिंग हलकी केली की कडक प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठोक्याने पेटणारी टोपी) पेटत नाहीत. सिअरला (स्ट्रायकर अडवून ठेवणाऱ्या भागाला) ड्रेमेल, म्हणजे घासायचं फिरतं मशीन, लावू नका, वरचा कडक थर पातळ असतो, तो गेला की खालचं मऊ पोलाद भराभर झिजतं. दाबायच्या जोराखेरीज ट्रिगरच्या तुकड्याचं स्वतःचं वजनपण कमी महत्त्वाचं नाही, 2017 मध्ये पिस्तूल खाली पडून गोळी सुटण्याच्या प्रश्नावर सिग साउअर कंपनीने पी 320 पिस्तुलासाठी अपग्रेड काढला त्यात वजनाने हलका ट्रिगरपण होता. उलट दिशेने छेडछाड केली तर काय होईल याचा विचार तुम्हीच करा. म्हणून नवा भाग बसवला की सगळ्या सेफ्टी रिकाम्या पिस्तुलावर तपासा आणि परत 200 राउंड बिनतक्रार गेल्याशिवाय ते कमरेला लावू नका.