टीनएज मिस्टरीत लव्हस्टोरी घालायचीय? मग आधी त्याच्यावर संशय घ्या

बरेच जण काय करतात, मिस्टरी लिहायला घेतात, मग लक्षात येतं की हिरोईन 16 वर्षांची आहे तर थोडं प्रेमबिम पण पाहिजे, म्हणून मधेच दोन चॅप्टर नुसत्या गप्पांमध्ये जातात आणि तोपर्यंत तपास बिचारा दाराबाहेर ताटकळत उभा. मी पण पहिल्या ड्राफ्टमध्ये हेच केलेलं. वाचून मैत्रीण म्हणाली की प्रेमाची पानं मी सरळ उलटत गेले गं, मला चोर कोण ते पाहिजे होतं. झोंबलं, पण बरोबर होतं तिचं.

तेव्हापासून मी एकच धरून चालते, हिरोईनला जो आवडतो तोच संशयित पाहिजे. गुन्हेगार नसला तरी चालेल. पण त्याच्याकडे बोट दाखवणारा एक तरी पुरावा पाहिजे आणि तो हिलाच सापडला पाहिजे, दुसऱ्या कुणाला नाही.

आता करायचं कसं. आधी खरं काय घडलं ते हिरोईनला बाजूला ठेवून लिहून काढा, कोण किती वाजता कुठे होतं, कुणी काय उचललं, कुणी पाहिलं, सगळं एका पानावर. मग चार-पाच पात्रं घ्या आणि प्रत्येकाला लपवायला काहीतरी द्या, त्यातला एकच जण गुन्हा लपवतोय, बाकीच्यांची लाज वेगळी आहे. समजा शाळेच्या लायब्ररीतून जुनं रजिस्टर गायब झालंय. तिला आवडणारा मुलगा म्हणतो मी त्या रात्री घरीच होतो आणि तिला कळतं की हे खोटं आहे. खरं कारण असं की वडिलांची नोकरी गेलीय, तो रात्री कुठेतरी काम करतो आणि वर्गात कुणाला कळू नये म्हणून धडपडतोय. तिला हे माहीत नाही, आणि ती विचारतही नाही, कारण विचारलं आणि उत्तर वाईट निघालं तर? हे न विचारणं जितकं ताणता येईल तितकं ताणा, मिस्टरी पण तिथेच आहे आणि मोठं होणं पण तिथेच.

क्ल्यू लपवायला रोमँटिक सीनसारखी जागा नाही. थंडी वाजतेय म्हणून तो तिला जॅकेट देतो (घिसापिटा सीन आहे, मान्य, पण म्हणूनच वाचक तिथे बेसावध असतो), खिशात एक किल्ली लागते, ती त्याला परत देते आणि मग पानभर जॅकेटच्या वासाबद्दलच विचार करत बसते. शंभर पानांनंतर कळतं की जॅकेट त्याचं नव्हतंच, त्या दिवशी मित्राकडून घेतलेलं, आणि किल्ली लायब्ररीच्या मागच्या दाराची. वाचक मागे जाऊन बघतो तर सगळं समोरच होतं, तुम्ही काहीच लपवलं नव्हतं.

पीओव्हीचं, म्हणजे गोष्ट कुणाच्या नजरेतून सांगायची याचं, मात्र नीट ठरवा. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथा लेखकाने 1929 मध्ये डिटेक्टिव्ह कथांचे 10 नियम लिहिले, त्यातला पहिलाच असा की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागात दिसलेला हवा, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळतात असा तो नको. रोमान्समध्ये हल्ली एक चॅप्टर तिचा एक त्याचा अशी फॅशन आहे, गोड वाटतं, पण इथे ते केलंत की त्याच्या डोक्यात शिरल्या शिरल्या संशय संपला. त्यामुळे फक्त ती, आणि शक्यतो 'मी' म्हणून.

मोठी माणसं आणि फोन या दोन डोकेदुख्या. आई-वडील हुशार असतील तर केस दोन दिवसांत सुटते, म्हणून लोक त्यांना बावळट करतात, तसं नका करू, तिने मोठ्यांना सांगितलंय आणि त्यांनी चुकीच्या मुलाला पकडलंय असं करून बघा, मग तिलाच अपराधी वाटतं. फोन हरवायचा नाही, फोन वापरायचा, वाचून उत्तर न दिलेला मेसेज हा पुरावा पण आहे आणि भांडणाचं कारण पण.

लांबी साधारण 50 ते 80 हजार शब्द. दुसऱ्या ड्राफ्टला ज्या सीनमध्ये फक्त तपास आहे त्याला एक रंग, फक्त प्रेम आहे त्याला दुसरा, आणि सलग तीन सीन एकाच रंगाचे दिसले की त्यातले दोन जोडून टाका.

केस शेवटी सुटलीच पाहिजे, नाहीतर वाचक पुस्तक फेकून मारेल, प्रेमाचं मात्र काहीही होऊ शकतं. फक्त चोर सापडल्यावर लगेच मिठी नको. आधी त्या मुलाने तिला विचारायला हवं, तुला खरंच वाटलेलं का मी केलं म्हणून? मी माझ्या हिरोईनला 'हो' म्हणायला लावलं, आणि पुढचं अर्धं पान दोघं काहीच बोलत नाहीत.