पीसीआय पासथ्रू करताना या चुका टाळा, नाहीतर व्हीएम दुसऱ्यांदा उठणारच नाही

पीसीआय पासथ्रू म्हणजे होस्टचं (खऱ्या मशीनचं) एखादं कार्ड थेट व्हीएमला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, देऊन टाकणं. कार्ड व्हीएममध्ये पहिल्यांदा मस्त चाललं, व्हीएम बंद करून परत चालू केली आणि स्क्रीन काळी. अशा वेळी सगळ्यात मोठी चूक म्हणजे गेस्टमधला (व्हीएमच्या आतल्या सिस्टीममधला) ड्रायव्हर काढ-घाल करत बसणं. मी पण दोन दिवस तेच केलं आणि कारण मात्र होस्टच्या लॉगमध्ये एका ओळीत पडलेलं होतं, पीसीआय हेडर टाइप (कार्डाच्या माहितीची मांडणी कुठली ते सांगणारा आकडा) 127. असा कुठला हेडर टाइप नसतोच. कार्ड उत्तर देईनासं झालं की वाचताना सगळे बिट 1 येतात म्हणजे 255, त्यातला वरचा मल्टिफंक्शनचा (कार्डात एकापेक्षा जास्त फंक्शन आहेत का ते सांगणारा) बिट सोडला की उरतात 127. कार्ड बसवर उत्तरच देत नाहीये, मग गेस्टमध्ये काहीही केलं तरी काय उपयोग?

म्हणून आधी रीसेट तपासा, म्हणजे व्हीएम बंद झाल्यावर कार्ड पहिल्या अवस्थेत परत येतं का ते. कार्डाला एफएलआर (फंक्शन लेव्हल रीसेट) असेल तर फक्त त्या फंक्शनचा, म्हणजे कार्डातल्या तेवढ्याच भागाचा, रीसेट होतो, ते नसेल तर पॉवर स्टेट डी3 (झोपलेलं) मध्ये नेऊन परत डी0 (चालू) वर आणायचं, नाहीतर मग अख्ख्या बसचा रीसेट. पण कार्ड सांगतं तसं वागेलच असं नाही. एएमडीच्या मॅटिस पिढीतला यूएसबी कंट्रोलर एफएलआर आहे म्हणून सांगतो आणि तो दिला की हँग होतो, त्यामुळे लिनक्सच्या पीसीआय क्वर्क्समध्ये (विचित्र वागणाऱ्या डिव्हाइससाठी कर्नलमध्ये घातलेल्या खास दुरुस्त्यांमध्ये) त्याचं एफएलआर बंदच करून टाकलंय. आणि एलएसपीसीआय (पीसीआय डिव्हाइसची यादी दाखवणारी कमांड) च्या सविस्तर आउटपुटमध्ये नोसॉफ्टरीसेटपुढे प्लस दिसला तर डी3 वाला मार्ग विसरा, त्यात कार्डाची जुनी अवस्था तशीच राहते. कर्नल 5.15 पासून सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) रीसेट होऊ शकणाऱ्या प्रत्येक डिव्हाइसची रीसेट मेथडची फाइल असते, त्यात एकेक पद्धत लिहून बघता येतं, तर्क लढवण्यापेक्षा ते बरं. फक्त बस रीसेट करताना त्याच ब्रिजमागे होस्टचं काही चालू नाही ना ते बघून घ्या, कारण ते पण रीसेट होणार.

दुसरी चूक, एका कार्डाच्या दुखण्यावर सगळ्यांना औषध. एखाद्या जुन्या कार्डाचं आयएनटीएक्स मास्किंग (जुन्या पद्धतीचा इंटरप्ट तात्पुरता दाबणं) नीट चालत नाही म्हणून लोक व्हीएफआयओला (कार्ड व्हीएमला देणाऱ्या कर्नल मॉड्यूलला) नोआयएनटीएक्समास्क देऊन मोकळे होतात, पण तो पॅरामीटर अख्ख्या मॉड्यूलला लागतो, मग इंटरप्ट लाइन शेअर करणारी चांगली कार्डंसुद्धा अडकतात. क्वर्क लिहायचा तर व्हेंडर आयडी आणि डिव्हाइस आयडी दोन्ही जुळवून लिहा, नुसत्या व्हेंडरवर कधीच नको, त्याच कंपनीचं पुढचं कार्ड नीट वागणारं असतं आणि त्याच्या गळ्यात पण ते पडतं.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, कॉन्फिग स्पेस (कार्डाची ओळख आणि सेटिंग असलेली रजिस्टरं) अडवली म्हणजे काम झालं असं नाही. एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांमध्ये तिची प्रत बार 0 (कार्डाच्या मेमरीचा पहिला पट्टा) च्या आत 0x88000 ला दिसते. वेग मिळावा म्हणून तुम्ही बार 0 सरळ मॅप करून दिला तर गेस्ट त्या मागच्या दाराने थेट खऱ्या रजिस्टरपर्यंत पोचतो. क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) तेवढाच तुकडा ट्रॅप करतं, म्हणजे मध्ये अडवून तपासतं, आणि बाकी सगळं थेट सोडतं, ती पद्धत मला फार आवडते.

एसीएस ओव्हरराइड पॅचबद्दल (डिव्हाइस एकमेकांपासून वेगळी आहेत असं कर्नलला मानायला लावणारा बदल) थोडक्यात, त्याने आयओएमएमयू ग्रुप (एकत्रच व्हीएमला द्यावे लागणारे डिव्हाइसचे गट) कागदावर वेगळे होतात, हार्डवेअरमध्ये काहीच बदलत नाही, दोन डिव्हाइस आपापसात डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट डेटाची देवाणघेवाण) करू शकत असतील तर करतीलच. दुसऱ्या कोणाची व्हीएम चालवत असाल तर हे करूच नका. आणि लॉगमध्ये बार रिझर्व्ह होत नाही असं आलं तर बहुतेक वेळा होस्टच्या बूट स्क्रीनचा फ्रेमबफर (स्क्रीनवरचं चित्र ठेवणारी मेमरी) कार्ड धरून बसलेला असतो, क्वर्क शोधायच्या आधी ते सोडवा.

काहीही बदल केला की व्हीएम निदान तीनदा उठवा, एकदा नीट शटडाउन करून, एकदा गेस्टमधून रीबूट करून आणि एकदा क्यूईएमयूची प्रोसेस सरळ किल करून, कारण किल केल्यावर गेस्ट ड्रायव्हरला कार्ड आवरायला वेळच मिळत नाही आणि रीसेट खरंच होतोय का ते तिथेच कळतं.