वाळवंटातलं झाड म्हणून उन्हात ठेवू नका! कॅक्टस बियांपासून करताना या चुका टाळा

दरवर्षी मार्च उजाडला की मला तेच फोटो यायला लागतात. लाल पडलेली, मनुकेसारखी सुरकुतलेली इवलीशी रोपं आणि खाली एक ओळ, "ताई, पाणी अजिबात देत नाहीये तरी असं का होतंय?" अहो, पाणी देत नाही म्हणूनच होतंय! आधी मी सविस्तर उत्तरं द्यायचे, मग कॉपी पेस्ट करायला लागले, आता तोही कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते.

मी पुण्यात गच्ची आणि पूर्वेची एक खिडकी एवढ्या जागेत अकरा वर्षं बियांपासून कॅक्टस करतेय. बहुतेक अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास, थोडे एरिओकार्पस, टर्बिनिकार्पस, आणि डोकं फिरलं होतं त्या वर्षी एक अ‍ॅझ्टेकियम. ही सगळी मंडळी मूळची मेक्सिकोची आणि तिथे आता कमी कमी होत चाललेली. २०१५ मध्ये जगभरातल्या कॅक्टसचा आढावा घेतला तेव्हा ३१ टक्के जाती धोक्यात निघाल्या, आणि त्याचं एक मोठं कारण आपल्यासारखेच हौशी लोक, ज्यांना दहा वर्षं थांबायचं नसतं म्हणून डोंगरातून उपटलेलं झाड विकत हवं असतं. त्यामुळे बियांपासून करताय ना, मनापासून अभिनंदन. पण नीट करा.

सगळ्यात मोठी चूक: रोपाला कॅक्टस समजणं

बी फुटून बाहेर येतं तो कॅक्टस नसतो हो, तो एक हिरवा थेंब असतो. दोन तीन मिलिमीटरचा. पाणी साठवायला पोट नाही, सावली धरायला काटे नाहीत, मुळाचा धागा जेमतेम. मोठ्या झाडाला जे चालतं ते याला कसं चालेल? तान्ह्या बाळाला कोणी भाकरी ठेचा देतं का?

आणि तिकडे रानात तरी कुठे ती भर उन्हात उगवतात. अ‍ॅस्टेरियास मिळतो मेक्सिकोच्या तामाउलिपास आणि नुएवो लेऑन भागात, आणि सीमेपलीकडे टेक्सासच्या स्टार काउंटीत. तिथे तो वाळूच्या टेकाडावर एकटा उभा नसतो, काटेरी झुडपांच्या बुडाशी, अर्धवट सावलीत, जमिनीत निम्मा गाडून घेऊन बसलेला असतो. मेस्किट म्हणतात ती झुडपं, आपल्याकडे सोलापूर साइडला माळावर माजलेली वेडी बाभूळ आहे ना, तिच्या भावकीतली. त्या झुडपाची सावली, खाली पडलेला पाला आणि पावसाळ्यात टिकून राहणारी ओल, एवढं मिळालं तरच बी जगतं. उघड्यावर पडलेल्या बिया बहुतेक मरतातच.

म्हणून आपण काय करायचं, तर पहिले काही महिने बंद झिपच्या पिशवीत ठेवायचं. छोटी कुंडी, निर्जंतुक केलेलं ओलं मातीचं मिक्स, वर बिया, पिशवी बंद, वीस ते तीस डिग्री आणि भरपूर उजेड पण थेट ऊन नाही. बिया पुरायच्या नाहीत, बहुतेकांना रुजायला उजेड लागतो. मग विसरून जायचं.

आता "थेट ऊन नाही" यावर मी एवढी का अडून बसते ते सांगते. चौथं की पाचवं वर्ष असेल. माझ्याकडे अ‍ॅस्टेरियासची दोन झाडं एकाच आठवड्यात फुलली, आणि हे झाड स्वतःच्याच परागावर बी धरत नाही, दोन वेगळी झाडं लागतात, त्यामुळे मी शून्य नंबरचा ब्रश घेऊन दुपारी दुपारी ऑफिसमधून घरी येऊन पराग इकडचे तिकडे केले. फळ धरलं, पिकलं. पन्नास बिया पेरल्या, ताज्या असल्यामुळे तिसऱ्याच दिवशी हालचाल, दहाव्या दिवशी मोजले तर त्रेचाळीस. माझ्या स्वतःच्या झाडांची, स्वतः केलेली त्रेचाळीस पोरं! मी ऑफिसमध्ये लोकांना फोटो दाखवत फिरत होते.

तेव्हा बाबा आमच्याकडे राहायला आले होते. संध्याकाळी साडेसहाला घरी आले तर खिडकीत पिशवी नाही. बाबा म्हणाले, "अगं, वाळवंटातलं झाड ना ते? सावलीत कुजेल म्हणून गच्चीवर ठेवलंय, सकाळीच." एप्रिल महिना. मी जिने चढून वर गेले तेव्हा पिशवी आतून धुक्यासारखी पांढरी झालेली, आणि आत त्रेचाळीस दाणे, शिजवलेल्या साबुदाण्यासारखे. अगदी तसेच, पारदर्शक, बोट लावलं की चिकटणारे. बंद पिशवी उन्हात म्हणजे कुकरच, दुसरं काही नाही.

बाबांना काही बोलले नाही, कारण चूक माझी होती, पिशवीवर काही लिहिलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर बाबा जे म्हणाले तेच नव्वद टक्के लोकांच्या डोक्यात असतं, फक्त ते पिशवी न घालता करतात म्हणून रोपं शिजत नाहीत, सुकतात.

रोप लाल किंवा विटकरी दिसायला लागलं की ऊन जास्त होतंय, मागे सरकवा. बारीक लांबुडकं होऊन खिडकीकडे मान काढायला लागलं की उजेड कमी पडतोय. हिरवं, गुबगुबीत, बसकं राहिलं की हात लावू नका. एवढंच आहे.

पिशवी उघडून बघणं

हा उतावळ्या लोकांचा रोग. रोज सकाळी उघडायची, नाक आत घालून बघायचं, फुंकर मारायची, बंद करायची. ती पिशवी बंद ठेवायचं कारण फक्त ओल नाहीये, बुरशी बाहेर ठेवणं हेही आहे. तुम्ही उघडली की आलंच सगळं आत. मग एक दिवस पांढरा कापूस दिसतो, दुसऱ्या दिवशी शेजारची दोन रोपं बुडातून पाणी पाणी होऊन आडवी.

मी मिक्स कुकरमध्ये पाऊण तास घालते, ओलं करून, डब्यात. त्यासाठी जुन्या बाजारातून वेगळा कुकर आणलाय कारण घरातल्या कुकरला तो मातीचा वास लागला आणि पुढचे चार दिवस वरणाला वास येत होता आणि मला टोमणे. मायक्रोवेव्हमध्येही होतं म्हणे, होत असेल. कुंड्या आणि चिमटा उकळत्या पाण्यातून. बिया 'साफ' नावाच्या बुरशीनाशकाच्या अगदी पातळ द्रावणात थोडा वेळ. एवढं करून पेरलं की मी सहा ते आठ महिने पिशवी उघडत नाही. हो, आठ महिने. फेब्रुवारीत पेरायचं आणि दिवाळीच्या आसपास उघडायचं, म्हणजे आपला अख्खा पावसाळा, ती जुलैची भिंतींना ओल येणारी हवा, पिशवीच्या बाहेरच राहते. जूनमध्ये उघडणारे दरवर्षी रडतात.

उघडायची पण एकदम नाही. टूथपिकने एक भोक, चार दिवसांनी अजून एक, असं दोन तीन आठवडे करत न्यायचं, मग झिप अर्धी. एकदम उघडलं तर एका दुपारीत बसकण मारतात.

आणि बुरशी दिसलीच तर तेवढं रोप आजूबाजूच्या चमचाभर मातीसकट उचलून फेका, बाकीच्यांवर बुरशीनाशकाचा फवारा, परत बंद. दालचिनी पावडर भुरभुरा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी दोनदा केलं, बुरशी दालचिनीवरच उगवली. दालचिनी चहात घाला.

माती

नर्सरीतली "कॅक्टस मिक्स" नावाची काळी पिशवी आणू नका. निम्मं कोकोपीट आणि गांडूळखत असतं, त्यात त्या बारीक काळ्या माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या रोपांची मुळं खातात, तुम्हाला कळतही नाही. मी क्रशरची कच आणते, रव्याच्या चाळणीने चाळून धूळ काढून टाकते, धूळ ठेवली तर सिमेंट होतं. त्यात पर्लाइट, विटेचा चुरा आणि अगदी मूठभर जुना कुजलेला पाला. खत शून्य. पहिलं वर्ष खताची गरजच नाही, खत घातलं की आधी शेवाळ पोसलं जातं.

शेवाळाचा त्रास मोठ्या बियांना नाही होत फारसा, पण अ‍ॅझ्टेकियम किंवा स्ट्रॉम्बोकॅक्टसच्या बिया म्हणजे तपकीर. शिंक आली तर गेल्या. रोप वर्षभराने टाचणीच्या डोक्याएवढं, आणि शेवाळ पंधरा दिवसात त्याच्या डोक्यावरून गेलेलं असतं. माझं पहिलं अ‍ॅझ्टेकियम असंच हिरव्या गालिच्याखाली बुडालं. नवशिक्यांनी याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, पण नवशिके नेमकं हेच मागवतात कारण फोटो भारी असतो.

उलटी पडलेली बी

अ‍ॅस्ट्रोफायटमची बी टोपीसारखी असते, आणि ती कशीही पडली तरी कधी कधी मूळ हवेतच निघतं, मिक्समध्ये शिरत नाही, रोप वरच आडवं पडून राहतं. दोन दिवसात मूळ वाळतं. पहिल्या आठवड्यात तेवढ्यासाठी पिशवी उघडलेली चालते (हो, मीच वर नको म्हटलं, पण हा एक अपवाद). टूथपिकने बारीक भोक करायचं, चिमट्याने रोपाला बुडाशी न दाबता उचलायचं, मूळ भोकात सोडायचं आणि चिमूटभर बारीक वाळूने आधार द्यायचा. डोक्यावर बियांचं टरफल अडकलं असेल तर ते मात्र ओढू नका, डोकंच हातात येतं. आपोआप पडतं.

बी कुठून घेताय

शंभर बिया नव्व्याण्णव रुपये, फोटोत निळा, जांभळा, इंद्रधनुषी कॅक्टस. फोटोतल्यासारखं सप्तरंगी झाड जगात नाही. मी सुरुवातीला घेतल्या होत्या, उगवलं ते राजगिऱ्यासारखं काहीतरी होतं, महिनाभर मी त्याला कॅक्टस समजून प्रेमाने पाणी फवारत होते.

बी ताजी पाहिजे, अ‍ॅस्ट्रोफायटमची तर दोन तीन वर्षांत उगवण धाडकन खाली येते. ज्याच्याकडे आईबाप झाडं आहेत आणि जो कोणत्या साली बी काढली ते सांगतो त्याच्याकडूनच घ्या. बाहेरदेशातून मागवायची तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे कीड रोग नाही असा तिकडचा सरकारी दाखला, लागतं, आपला २००३ चा प्लांट क्वारंटाइन ऑर्डर आहे त्यासाठी, "गिफ्ट" लिहून पाकिटातून पाठवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. एरिओकार्पस, अ‍ॅस्टेरियास, टर्बिनिकार्पस हे सगळे साइट्सच्या (CITES, दुर्मीळ प्राणी आणि झाडांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे सगळ्यात कडक यादीत. आणि मोठं झाड विकत घेताना अंगावर चुन्यासारखे डाग, जुने ओरखडे, मुळं कापलेली दिसली तर ते रानातून आलंय असं समजा आणि निघा तिथून. २०२० मध्ये इटलीत पोलिसांनी चिलीच्या वाळवंटातून उपटून आणलेली हजारावर झाडं पकडली, बहुतेक कोपियापोआ नावाचे तिकडचे कॅक्टस. त्यातली आठशेच्या वर पुढच्या वर्षी विमानाने परत चिलीला पाठवावी लागली. काही झाडं आपल्या आजोबांपेक्षा मोठी असतात वयाने.

कलमाचा शॉर्टकट

तीन आठवड्यांचं रोप पेरेस्किऑप्सिसवर (भराभर वाढणारा, पानं असलेला कॅक्टस) किंवा ड्रॅगनफ्रूटच्या दांड्यावर चढवायचं आणि दोन वर्षांत फूल. करतात लोक, व्हिडिओ पण खूप आहेत. मला नाही आवडत. एरिओकार्पस म्हणजे जमिनीत रुतलेला दगड वाटला पाहिजे, कलमावरचा फुगून फुग्यासारखा होतो, आणि मग त्याला खाली उतरवून मुळं फोडायला जाता तेव्हा आपल्या जुलैत कुजतो. बुडातून सडत चाललेलं एखादं रोप वाचवायला वरचा तुकडा कलम करणं ठीक आहे, मीही करते. पण सगळ्या ट्रेचं कलम करणाऱ्याला मुळात बी का पेरली हे मला विचारावंसं वाटतं. माझ्या एरिओकार्पसला पहिलं फूल आठव्या वर्षी आलं, नोव्हेंबरमध्ये, गुलाबी, झाडापेक्षा मोठं.

बाकी किरकोळ. बोअरचं पाणी नको, पांढरा थर चढतो, पावसाचं साठवा नाहीतर आरओचं. पाणी वरून ओतू नका, कुंडी खालून भिजवा. पहिल्या वर्षात रिपॉटिंगची, म्हणजे कुंडी बदलायची, खाज आली तर दुसरं काहीतरी झाड घ्या, मनीप्लांट घ्या. मे महिन्यात पेरू नका, चाळीस डिग्रीत बी फुटत नाही, नुसती पिशवी घामेजते. आणि लेबल मार्करने लिहू नका, वर्षभरात उडतं, माझ्याकडे अजून सात कुंड्या "काहीतरी टर्बिनिकार्पस" म्हणून बसल्यात. पेन्सिलने लिहा. पिशवीवर मात्र जाड मार्करनेच, मराठीत, मोठ्या अक्षरात: उन्हात ठेवू नये.