घरच्या सुतारकामासाठी डस्ट कलेक्टर घेताना

नाशकात रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये सुतारकाम करत असाल, तर कलेक्टर, म्हणजे धूळ ओढून घेणारं यंत्र, घेताना मोटरच्या एचपीआधी फिल्टर बघा. रंध्याचा भुसा झाडूनेही गोळा होतो; छातीत जाते ती सँडरची (लाकूड घासायच्या यंत्राची) आणि एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) पिठासारखी धूळ. साध्या कापडी पिशवीतून ती परत हवेत येते, म्हणून 1 मायक्रॉनपर्यंत गाळणारा फिल्टरच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे, तेव्हा इथे पैसे वाचवू नका.

सँडरला आणि राउटरला (लाकडात खाचा कोरायच्या यंत्राला) व्हॅक्यूम क्लीनर पुरतो. मध्ये सायक्लोन (हवा गोल फिरवून धूळ खाली पाडणारं नळकांडं) लावलेली बादली जोडा, फिल्टर लवकर तुंबत नाही. टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत), प्लेनर (रंधा मारायचं यंत्र) असेल तरच 4 इंची पाइपचा मोठा कलेक्टर. अंबड-सातपूरच्या कारखान्यांसारखी लांबलचक डक्टिंग (धूळ ओढून नेणाऱ्या पाइपांची जोडणी) मात्र घरी नको, प्रत्येक वळणावर ओढ कमी होते. मास्क तरीही हवाच.