इस्लामी मूल्यांना धरून नगररचना शिकवताय? मग या चुका टाळा

आखाती देशांतल्या विद्यापीठांत नगररचनेच्या स्टुडिओला (आराखडे प्रत्यक्ष काढून शिकायच्या वर्गाला) परीक्षक म्हणून जाणं होतं. 'अभ्यासक्रम आता आमच्या संस्कृतीला धरून केलाय' असं कुणी सांगितलं की मी भिंतीवर लावलेल्या शीट्स बघतो. कमानी जितक्या जास्त, तितका अभ्यास कमी, हा माझा अनुभव.

पहिली चूक हीच, आणि निम्म्या चुकांचं मूळही हेच: संस्कृती म्हणजे घुमट, जाळ्या आणि वळणावळणाच्या गल्ल्या असं मुलांच्या डोक्यात भरवणं. एका स्टुडिओत रियाधच्या कडेला वसाहत आखायची होती. एका गटाने बसथांब्याला कमान दिली, पार्किंगच्या इमारतीला मशरबिया, म्हणजे लाकडी जाळीची खिडकी, लावली, चौकात कारंजं ठेवलं. रेंडरिंग तर असं की डोळे दिपावेत. मी दोन प्लॉटचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, मागितला. तो कुणी काढलाच नव्हता. "सर, आधी कन्सेप्ट तरी बघा," मार्गदर्शक म्हणाले. मी तिथेच बसवून काढायला लावला. दुमजली व्हिला, बाजूला आणि मागे 2 मीटर सामासिक अंतर (घर आणि कुंपण यांमधली मोकळी जागा), आणि वरच्या बेडरूममधून शेजाऱ्याच्या अंगणात थेट नजर. कारंज्याबद्दल मग कुणी बोललं नाही.

गंमत म्हणजे हे सगळं तिथे आधीच होऊन गेलंय. रियाधच्या अल-मलझ भागात 1950च्या दशकात सरकारी नोकरांसाठी व्हिलांची वसाहत झाली, पुढे सामासिक अंतराचे नियम सगळीकडे लागले आणि घराच्या पोटातलं अंगण घराबाहेर पडलं. लोकांनी काय केलं? कुंपणाच्या भिंतींवर पत्रे ठोकून आडोसा केला. सालेह अल-हथलूल यांनी 1981मध्ये एमआयटीतल्या पीएचडीत या बदलाचा मागोवा घेतला. तरी मुलांना ते पत्रे दाखवत नाहीत, मोरोक्कोतल्या फेस शहराच्या गल्लीचे फोटो दाखवतात.

इजिप्तमधल्या फुस्तात या जुन्या शहरातल्या खिडकीची गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात सांगावी. एकाने माडी चढवली, शेजाऱ्याची तक्रार खलिफा उमर यांच्यापर्यंत गेली. परंपरा सांगते की त्यांनी निकाल असा दिला: खिडकीखाली पलंग ठेवा, त्यावर माणूस उभा करा, त्याला शेजारचं दिसलं तर खिडकी बंद करा. म्हणजे नियम जाळीच्या नक्षीचा नाहीच, नजरेचा आहे. माझी सवय: प्रत्येक प्लॅनसोबत सेक्शन, त्यात 1.6 मीटरवर डोळा आणि लाल पेन्सिलने नजरेची रेघ. ती रेघ दिसेपर्यंत मी रेंडरिंगकडे बघत नाही. पहिल्याच सेमिस्टरला थ्रीडी काढायची घाई असलेल्यांना हे जाच वाटतं. वाटू दे.

दुसरी लाडकी चूक सात हातांची. रस्त्यावरून वाद झाला तर सात हात रुंदी ठेवा, अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे. म्हणजे साधारण साडेतीन मीटर. ती कुठेतरी वाचून मुलं अख्ख्या वसाहतीचे रस्ते साडेतीन मीटरचे करतात आणि अग्निशमनच्या गाडीचं विचारलं की गप्प. अरे बाबा, वाद मिटत नसेल तेव्हा धरायचा तो आकडा आहे, डीसी रूलचा (विकास नियंत्रण नियमावलीचा) तक्ता नाही. म्हणून मी आकडा देत नाही, भांडण देतो. 14व्या शतकात ट्युनिसला इब्न अल-रामी नावाचा गवंडी होता. बांधकामाच्या तंट्यांत तो काझीला सल्ला द्यायचा, आणि ते निवाडे त्याने लिहून ठेवले: सामाईक भिंत, सांडपाणी, भट्टीचा धूर. त्यातलाच एक तंटा मी वर्गात मुलांकडून वठवून घेतो: एक मुलगा बेकरीवाला, एक शेजारी, एक काझी. 'ला दरर व ला दिरार', म्हणजे इजा करू नये आणि इजेची परतफेड इजेने करू नये, हे तत्त्व अशा तासाभराच्या भांडणात जितकं मुरतं, तितकं स्लाइडवर मुरत नाही.

बाकीच्या चुका पटापट. 'इस्लामी मूल्ये' हा वेगळा पेपर लावून स्टुडिओ जसाच्या तसा ठेवणं: वेळेचा अपव्यय. उत्तर आफ्रिकेतल्या चार शहरांवरून 'इस्लामी शहर' ठरवून ते जकार्तावर लादणं: शहरांच्या अभ्यासक जॅनेट अबू-लुघोद यांनी 1987मध्येच याची चिरफाड केली आहे.

वक्फ (धर्मादाय कामासाठी कायमची राखून ठेवलेली मालमत्ता) इतिहासाच्या तासाला शिकवू नका, नागरी वित्ताच्या तासाला शिकवा. पाणी, सराई, मदरसा चालवायला उत्पन्न कुठून यायचं याचा हिशेब करायला लावा. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना तर उदाहरण घरातच आहे: छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. नहरीच्या पाण्यावर जातं फिरायचं, पीठ दर्ग्यात येणाऱ्यांच्या पोटात जायचं.

आणि सर्वेक्षणाच्या टीममध्ये मुली असल्याच पाहिजेत. पुरुषांची टीम मजलिसपर्यंत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीपर्यंतच, पोचते. स्वयंपाकघर, गच्ची आणि मागचं दार कोण कसं वापरतं हे तिथे बसलेला यजमान अंदाजाने सांगतो. असे फॉर्म मी परत पाठवतो.